ताळा जुळेपर्यंत

जुन्या पेढ्यांवर वर्षअखेरीस तेरीज मांडली जाई आणि जमेची व नावेची बेरीज जुळेना, तेव्हा दोन प्रकारचे कारकून ओळखता येत. एक जण फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून घरी जाई. दुसरा कंदिलाच्या उजेडात पुन्हा कीर्द उघडून चूक नेमक्या कोणत्या नोंदीत आहे ते शोधत बसे. पेढीची पत दुसऱ्यामुळे टिकत असे. हिशेबाच्या वह्या आता संगणकात गेल्या, कंदीलही गेले. मात्र हे दोन स्वभाव गेलेले नाहीत. पुढील हकीकत हिशेबाच्या वहीतील नव्हे, एका उडत्या यंत्राच्या पोटातील आहे. तरीही व्यापारी घरातील वाचकांना ती ओळखीची वाटेल.

पन्हाळ्याच्या पायथ्याकडील एका गावात किराणा व धान्याचे दुकान चालवणारे कुटुंब आहे. आजोबा, म्हणजे घरादाराचे आप्पा, दुकानात आता सकाळचे दोन तासच बसतात. नातू कोल्हापुरात अभियांत्रिकी शिकतो. त्याने वर्षभर पैसे साठवून, सुटे भाग आणून, स्वतःच्या हाताने एक एफपीव्ही ड्रोन जुळवला. सामान्य ड्रोन उडवणारा मान वर करून त्याकडे पाहतो; या प्रकारात उडवणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल असतो आणि ड्रोनच्या नाकावरील कॅमेरा जे पाहतो तेच त्याला दिसते. पाय जमिनीवर, दृष्टी मात्र पाखराची. ताशी शंभर किलोमीटर वेग अशा यंत्राला अवघड नसतो.

नातवाचे मामा गुळाचे व्यापारी. हंगाम सुरू झाला होता आणि आपल्या गुऱ्हाळाचे चित्रण ड्रोनने करावे, असा त्यांचा प्रेमळ हट्ट होता. उसाच्या फडावरून झेपावत यायचे, चिपाडांच्या ढिगाला वळसा घालायचा, चुलवाणाचा धूर ओलांडून काहिलीतील उकळत्या रसाच्या वाफेवरून पुढे जायचे आणि शेवटी मागे पन्हाळ्याची निळी रांग दाखवायची, असा बेत ठरला. रविवार नक्की झाला. पाहुण्यांना निरोप गेले.

त्याच्या आदल्या रविवारी मोकळ्या माळावर सराव करताना ड्रोन बाभळीच्या कुंपणात अडकून पडला. पडणे फार उंचावरचे नव्हते. दोन पाती तुटली, ती बदलली. पुन्हा उड्डाण केले तेव्हा गॉगलमध्ये आधी आडव्या रेषा आल्या, मग चित्र जांभळट झाले आणि एका वळणावर सगळे काळे झाले. जवळ उभ्या असलेल्या मित्राने ओरडून दिशा सांगितली म्हणून यंत्र कसेबसे खाली आले.

सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराने फोनवरच निदान केले : कॅमेरा आणि व्हिडिओ ट्रान्समीटर मिळून पूर्ण संच बदला. त्या संचाची किंमत पाच आकडी. नातू रात्री जेवताना गप्प होता. आप्पांनी कारण विचारले, ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "बाळा, नेमके काय तुटले ते कळले का? का नुसते खाते बुडाले म्हणून लिहून टाकायचे?"

या एका प्रश्नाने पुढचे सर्व घडले.

ड्रोनमधील चित्राचा प्रवास हा एखाद्या हुंडीच्या प्रवासासारखा असतो. कॅमेरा ती लिहितो. एक बारीक केबल ती आतल्या ट्रान्समीटरपर्यंत पोचवते. ट्रान्समीटर ती आवळून, लहान करून, 5.8 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर पाठवतो. गॉगल ती वटवतो. चार ठिकाणे आणि त्यांना जोडणाऱ्या तीन वाटा. हुंडी पोचली नाही म्हणून लिहिणाऱ्याला, नेणाऱ्याला आणि वटवणाऱ्याला एकाच वेळी दोषी धरणे म्हणजे चौकशी न करणे होय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातवाने चौकशी आरंभली. पाती काढली, गॉगल लावला, बॅटरी जोडली. पडदा काळा होता, पण पडद्याच्या कोपऱ्यातील आकडे, म्हणजे बॅटरीचा दाब आणि सिग्नलची ताकद, स्वच्छ दिसत होते. ही महत्त्वाची साक्ष होती. आकडे गॉगलपर्यंत येतात, याचा अर्थ ट्रान्समीटर जिवंत आहे, अँटेना ठीक आहे, रेडिओची वाट मोकळी आहे. मग अडथळा त्याच्या अलीकडे, कॅमेऱ्यात किंवा केबलमध्ये. त्याने कॅमेरा हलक्या हाताने वर-खाली कलता केला. एका विशिष्ट कोनात चित्र क्षणभर आले आणि गेले. कॅमेराच मेला असता तर कोन बदलल्याने तो जिवंत झाला नसता. शेवटी वर्गमित्राच्या ड्रोनवरील तसाच कॅमेरा त्याच्या स्वतःच्या केबलसह जोडून पाहिला आणि चित्र अखंड आले. मग मित्राच्या केबलला स्वतःचा कॅमेरा लावला. तेव्हाही आले. संशयित एकच उरला : बोटभर लांबीची केबल.

नवशिक्या माणसाला येथे एक शंका येते. तुटलेली वायर जोडायला काय लागते? जरा सोल्डर लावावे, टेप गुंडाळावी, काम झाले. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यात हे बऱ्याच अंशी खरे आहे. तेथे कॅमेऱ्यातून तीनच मुख्य वायरी निघतात. एक वीज नेते, एक परतीची आणि एक चित्राची. मल्टिमीटरने तिन्ही तपासता येतात आणि सुबक हाताने सोल्डरही करता येतात. डिजिटल कॅमेऱ्याची केबल ही वेगळी जात आहे. ती बाहेरून जाड दोऱ्यासारखी दिसते, पण आत अनेक सूक्ष्म तारा असतात. त्यांतील चित्र नेणाऱ्या प्रत्येक तारेच्या मध्यभागी माणसाच्या केसाएवढा धातूचा गाभा, त्यावर विद्युतरोधक थर, त्यावर धातूच्या धाग्यांचे कवच आणि पुन्हा बाहेरचे आवरण असते. टोकाच्या कनेक्टरवर एका टोचणीपासून दुसरीचे अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर.

इतकी नाजूक रचना कशासाठी, ते साध्या गुणाकाराने कळते. 1280 गुणिले 720 बिंदूंचे एक चित्र धरा. त्यात 9,21,600 बिंदू झाले. सेकंदाला अशी 60 चित्रे, म्हणजे 5,52,96,000 बिंदू. प्रत्येक बिंदूसाठी दहा बिटांची नोंद धरली तर एका सेकंदात 55 कोटींहून अधिक बिट त्या बोटभर केबलमधून जातात. ट्रान्समीटरमध्ये चित्र आवळले जाते. त्याच्या आधी, या केबलमध्ये, ते संपूर्णच असते. एवढ्या घाईने धावणाऱ्या संकेताला वाटेत तारेची जाडी बदलली, कवच उघडे पडले किंवा सोल्डरची गाठ आली तरी तो अडखळतो. वीज पोचते, पण चित्र पोचत नाही. म्हणून अशी केबल दुरुस्त करत नाहीत, बदलतात. मात्र तेवढीच बदलतात. दुकानदाराचे निदान चुकीचे होते ते येथे. केबलची किंमत शेकड्यांत, फार तर हजाराच्या घरात होती.

मागणी नोंदवण्यापूर्वी आप्पांनी दुकानातील पोलादी पट्टी आणून दिली. हा आग्रह अनाठायी नव्हता. अशा केबली 8, 12, 14, 20 सेंटिमीटर अशा निरनिराळ्या लांबीच्या मिळतात. दोन कंपन्यांचे कनेक्टर दिसायला सारखे असले तरी आतील जोडणीचा क्रम वेगळा असू शकतो आणि चुकीची केबल लावून वीज सोडली तर कॅमेरा कायमचा जातो. काही केबलींची दोन्ही टोके एकाच बाजूला तोंड करून असतात, काहींची उलट. नातवाने लांबी मोजली, दोन्ही टोकांची छायाचित्रे काढली, कॅमेऱ्याचे व ट्रान्समीटरचे नाव-क्रमांक लिहिले आणि मगच मागणी केली. मालाचा नमुना न पाहता सौदा करू नये, हे बाजारातले पहिले सूत्र येथेही लागू पडले.

व्यापारी वाचकांसाठी येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर, संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांचे अपवाद ठेवून, बंदी घातली. सुट्या भागांच्या आयातीला मात्र परवानगीची अट ठेवली नाही. त्यामुळे देशात जुळवणी आणि दुरुस्ती यांना वाव मिळाला. केबल, पाती, मोटर, कॅमेऱ्याचे काच-झाकण असा बारीकसारीक माल ठेवणारे आणि 'हा भाग याच यंत्राला चालेल' हे खात्रीने सांगणारे दुकान आजही शोधावे लागते. अख्खा संच विकणारे पुष्कळ आहेत.

केबल गुरुवारी आली. शुक्रवारी रात्री जेवणाची ताटे उचलल्यावर माजघरातील टेबलावर पांढरे कापड अंथरले गेले. पांढरे, कारण त्यावर पडलेला दोन मिलिमीटरचा स्क्रू दिसतो. बॅटरी काढून दुसऱ्या खोलीत ठेवली. लिथियम पॉलिमर बॅटरी लहान दिसत असली तरी तिच्यात सहा पेशी एकामागे एक जोडलेल्या असतील तर पूर्ण भरल्यावर 25.2 व्होल्टचा दाब असतो आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक चुकीच्या जागी टेकले तर क्षणात ठिणगी उडते. पाती तर आधीच काढलेली होती. घरात, टेबलावर, पाती लावलेल्या ड्रोनला बॅटरी जोडायची नाही, हा नियम या छंदातील प्रत्येकाने उंबरठ्यावर लिहून ठेवावा.

प्रत्येक पायरीआधी एक छायाचित्र काढले. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू निघाले, ते कागदावर जागेप्रमाणे चिकटवून ठेवले. सगळे स्क्रू सारखे दिसतात, पण एक मिलिमीटर लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो कॅमेऱ्याच्या आतील भागाला टेकतो आणि नवे दुखणे उभे करतो. मग ट्रान्समीटरचे धातूचे झाकण उघडले. त्याच्या आत उष्णता वाहून नेणारा मऊ लेप होता. तो पुसून न टाकता तसाच राखला.

आता खरे काम होते. कनेक्टरवर तारेची एक नाजूक कडी असते, ती आधी उलटावी लागते. बहुतेक जण येथे घाई करतात आणि केबल धरून ओढतात. तसे केल्यास केबल निघते, पण तिच्याबरोबर पटलावरील सॉकेटही उखडून येतो. मग शेकड्यांचे काम पुन्हा पाच आकड्यांत जाते. नातवाने प्लॅस्टिकची पातळ पट्टी कनेक्टरच्या कडेखाली सारली आणि आधी डावीकडून, मग उजवीकडून केसभर उचलत तो सरळ वर काढला. आप्पांनी हातात भिंग धरले होते. हुपरीच्या चांदीच्या कारागिरांना डोळ्याशी भिंग लावून डाग देताना त्यांनी तरुणपणी तासन्‌तास पाहिले होते. "श्वास सोडून हात ठेव," ते म्हणाले. "श्वास घेताना हात हलतो."

नवा कनेक्टर बसवताना क्रम उलटा. आधी सॉकेटवर अगदी सपाट टेकवायचा, भिंगातून दोन्ही टोके समांतर आहेत का पाहायचे, मग बोटाच्या पेराने मधोमध दाबायचे. हलकासा टक् असा स्पर्श बोटाला जाणवतो. कानाला तो ऐकू येतोच असे नाही. कडी परत आडवी केली, त्यावर उष्णतारोधक पिवळ्या टेपचा लहान तुकडा लावला. कॅमेऱ्याकडील टोक तसेच बसवले. अँटेना घट्ट असल्याची खात्री केली, कारण अँटेनेशिवाय ट्रान्समीटर चालू केला तर त्याची शक्ती बाहेर जाऊ शकत नाही आणि तो स्वतःच जळू शकतो. समोर टेबलफॅन लावला. हवेत वाऱ्यामुळे थंड राहणारे हे यंत्र टेबलावर काही मिनिटांतच तापते. बॅटरी जोडली.

चित्र आले. समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे गॉगलमध्ये स्वच्छ वाचता येत होते. नातवाने आनंदाने गॉगल आप्पांच्या डोळ्यांवर चढवला.

आप्पांनी पाहिले, हसले आणि गॉगल काढून विचारले, "छान. पण मुळात ती केबल तुटली कशाने?"

"कुंपणात पडला होता ना, आप्पा."

"पडला ड्रोन. केबल तर आत होती. तिला काय लागले?"

जुनी केबल कापडावरच पडली होती. भिंगाखाली धरली तेव्हा आघाताची खूण कोठेच नव्हती. एका बाजूला मात्र दोन मिलिमीटर लांबीचा, गुळगुळीत झिजलेला पट्टा होता आणि तेथे कवचाचे धागे उघडे पडून तुटले होते. ती पडून तुटली नव्हती. ती महिनाभर रोज थोडीथोडी घासली जात होती. कुंपण हे फक्त शेवटचे निमित्त झाले. सांगाड्यात ती जागा शोधायला वेळ लागला नाही. ड्रोनचा सांगाडा कार्बन फायबरचा असतो. त्याची कापलेली कड करवतीसारखी धारदार असते, शिवाय कार्बन वीजवाहक असतो. जुळवणी करताना नातवाने केबल नीटनेटकी दिसावी म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्याने त्याच कडेला आवळून बांधली होती. मोटरींच्या प्रत्येक कंपनाबरोबर कड केबलला कातरत होती. नवी केबल त्याच वाटेने, त्याच पट्ट्याने बांधलेली होती. पुढचा महिना संपायच्या आत तीही गेली असती.

नोंद दुरुस्त झाली होती. चूक तशीच होती.

शुक्रवारची रात्र पुन्हा कामात गेली. केबलच्या वाटेतील कड बारीक पॉलिशपेपरने पाणी लावून गोल केली. पाणी अशासाठी की कार्बनची धूळ श्वासातून आत जाणे घातक असते. तोंडाला फडकेही बांधले होते आणि इलेक्ट्रॉनिक भाग आधीच बाजूला काढून ठेवले होते. कडेवर रबरी आवरण चढवले, केबलला एक मऊ नळी घातली. आवळलेला पट्टा काढून सैल दोरा बांधला आणि कॅमेरा पूर्ण वर व पूर्ण खाली कलता करून केबल कोठेही ताणली जात नाही हे पाहिले. पात्यांपासून दूर, मोटरच्या जाड वायरींपासून दूर, तीक्ष्ण वळण कोठेच नाही, अशी तिची नवी वाट ठरली.

पन्हाळ्याच्या परिसराने आणखी एक धडा दिला. पावसाळ्यात येथे ढग घरात शिरतात. जुलै 1660 मधील ज्या पावसाळी रात्री सिद्दी जौहरचा वेढा ओलांडून शिवछत्रपती विशाळगडाकडे निसटले, ती रात्र या डोंगराच्या हवेचा स्वभाव जाणणाऱ्यांनीच निवडली होती. त्या काळोखाने आणि पावसाने माणसे लपली. आज तशीच दमट हवा यंत्राच्या जोडांत शिरून तांबे हिरवट करते आणि पाऊस संपला की पठारावरील जांभ्याची तांबडी धूळ तेथेच बसते. उड्डाणानंतर कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकणे आणि यंत्र कोरड्या डब्यात ठेवणे हे मोठ्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. पाणीरोधक लेप लावणारे लावतात, पण तो कनेक्टरच्या आत गेला तर संपर्कच तोडतो.

किल्ल्याबद्दलही एक गोष्ट स्पष्ट असावी. युनेस्कोने 11 जुलै 2025 रोजी मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले, त्यांत पन्हाळा आहे. तो केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. तीन दरवाजा, अंबरखाना किंवा सज्जाकोठी यांवर पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. गडावर शिरणाऱ्या प्रत्येक हौशी तरुणाने हे आधी जाणून घ्यावे. इतरत्रही ड्रोन नियम 2021 लागू आहेत. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंतचा मायक्रो, असे वजनावरून वर्ग पडतात आणि कोणत्या जागी उडवता येईल ते डिजिटल स्कायच्या नकाशावर त्या दिवशी पाहावे लागते. गॉगल घालणाऱ्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी यंत्रावर नजर ठेवणारा जोडीदार असणे हा शिष्टाचार नव्हे, गरज आहे. नातवाचा ड्रोन पहिल्या वेळी सुखरूप उतरला तो अशाच जोडीदारामुळे. चित्र गेले तरी नियंत्रणाचा रेडिओ वेगळा असतो आणि तो चालूच राहतो. उडवणारा आंधळा होतो, यंत्र आज्ञा पाळतच राहते. ताशी शंभर किलोमीटर वेगात एका सेकंदाचा काळोख म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस मीटरचा आंधळा प्रवास.

शनिवारी संध्याकाळी माळावर चाचणी झाली. पहिली बॅटरी संपेपर्यंत चित्र निर्मळ होते. दुसऱ्या बॅटरीवर, मोटरी पूर्ण जोरात फिरवताच, एक आडवी रेषा चमकून गेली. अर्धा सेकंद, फक्त एकदा. खाली उतरवून पाहिले तेव्हा कॅमेऱ्याकडील कनेक्टरचे एक टोक किंचित उचललेले आढळले. ते पुन्हा नीट बसवले. तिसऱ्या बॅटरीवर रेषा आली नाही. तोवर सूर्य मावळला.

रविवार उजाडला. गुऱ्हाळावर पाहुणे जमले होते. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या मळी काढत होता, चुलवाणात चिपाड घालणारे दोघे घामाने भिजले होते आणि लहान मुले ताज्या काकवीसाठी वाट्या घेऊन घिरट्या घालत होती. मामांनी विचारले, "काय भाचेबुवा, सुरू करायचे?"

नातवाजवळ तिसऱ्या बॅटरीची स्वच्छ साक्ष होती. 'आता काही होत नाही' असे म्हणायला ती पुरेशी वाटत होती. पण दुसऱ्या बॅटरीवरील ती अर्ध्या सेकंदाची रेषाही होती आणि खाली उकळत्या रसाची काहील होती. त्याने एकदा मुलांकडे पाहिले आणि सांगितले, "मामा, आज माणसांवरून उडवणार नाही. दुरुस्ती झाली आहे, पण खात्री एकाच बॅटरीची आहे. आणखी दहा तरी व्हायला हव्यात. पुढच्या रविवारी या वेळी करू आणि तेव्हाही काहिलीवरून नाही, कडेकडेने."

मामांचा चेहरा पडला. दोन-तीन पाहुण्यांनी, एवढा वेळ घालवून हेच का, असा सूर लावला. तेव्हा बाजेवर बसलेले आप्पा म्हणाले, "त्याने माल तपासल्याशिवाय दिला नाही. व्यापाऱ्याच्या घरात याला उशीर म्हणत नाहीत." मामा गुळाचे व्यापारी होते. रव्याच्या आत कच राहिलेला गूळ वरून कितीही सोनेरी दिसला तरी कोणत्या भावाने परत येतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यांनी भाच्याच्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवला आणि विषय संपला.

त्या आठवड्यात दहा नव्हे, बारा बॅटऱ्या संपवल्या गेल्या. प्रत्येकीची नोंद एका वहीत झाली. तारीख, वेळ, वारा, चित्रात दोष आहे किंवा नाही. बाराही ओळींपुढे 'दोष नाही' असे लिहिले गेले. पुढच्या रविवारी उसाच्या तुऱ्यांवरून झेपावत आलेले ते चित्रण झाले. चुलवाणाच्या धुराला वळसा पडला, मागे पन्हाळ्याची रांग आली आणि काहील दुरूनच दिसली. मामांना ते अधिक सुंदर वाटले, कारण दुरून वाफेचा स्तंभ पूर्ण दिसत होता.

कोल्हापूरच्या मातीला कॅमेऱ्याची ही निष्ठा नवी नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोन भावांनी, परदेशी यंत्र विकत घेणे परवडत नाही म्हणून, चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच घडवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही. 1918 मध्ये तो कॅमेरा तयार झाला आणि 1920 मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. ज्याने यंत्र स्वतः उघडले, जोडले, बिघडवले आणि पुन्हा जुळवले, त्याला यंत्राची भीती वाटत नाही आणि यंत्राबद्दल आंधळा विश्वासही वाटत नाही. उद्यमनगरातील लेथवर उभा असलेला कारागीर आणि भिंगाखाली केबल पाहणारा विद्यार्थी यांच्यात अंतर फार नाही.

आजची पिढी वस्तू फेकते, अशी तक्रार घराघरांत होते. ती अर्धीच खरी आहे. वस्तू फेकली जाते, कारण बिघाड कोठे आहे हे शोधायला कोणी शिकवत नाही आणि संच विकणाऱ्याला ते शिकवण्यात लाभ नसतो. घरातील वडीलधाऱ्याला केबलमधले काही कळत नसेल, पण 'नेमके काय' आणि 'कशाने' हे दोन प्रश्न त्याला विचारता येतात. पहिल्या प्रश्नाने या घराचे पाच आकडी रक्कम वाचली. दुसऱ्याने काय वाचले, त्याचा आकडा कोणत्याही वहीत मांडता येणार नाही.

जुनी केबल फेकलेली नाही. आप्पांच्या गल्ल्याशेजारी, जुन्या वजनमापांच्या डब्यात, ती एका कागदात गुंडाळून ठेवली आहे. कागदावर नातवाच्या अक्षरात तिची लांबी, बदलल्याची तारीख आणि त्याखाली एकच शब्द लिहिला आहे : 'कड'.